जिन्यातल्या तीन साक्षी

तामिलाने जन्मात कुणाला फसवलं नव्हतं. आणि पंचाहत्तराव्या वर्षी समितीच्या माणसाने तिच्याच जिन्यात उभं राहून, तिच्याच भिंतीवर बोट ठेवून तिला लबाड ठरवलं. तिला रडू आलं नाही. राग आला. आणि राग आला की तामिला आधी बाह्या वर सारते, तोंड नंतर उघडते.

हा जिना कुठला, ते आधी सांगते.

युक्रेनच्या खारकीव शहरातल्या ज्या पाचमजली इमारतीत तामिला जन्मली, ती एका कारखान्याच्या कामगारांसाठी एकोणीसशे तीस साली बांधलेली. बांधणारे तरुण होते आणि जुन्या जगावर त्यांचा भारी राग. नक्षी नको, खांबांवर वेलबुट्टी नको, उतरतं छप्परही नको. सरळ भिंती, सपाट गच्ची, आडव्या लांबलचक खिडक्या. काही खिडक्या तर कोपऱ्यातच वळवलेल्या. जिन्याला खालपासून वरपर्यंत एकच उभी काचेची पट्टी. संध्याकाळी जिन्यात दिवे लागले की ती पट्टी लांबून पाऱ्यासारखी दिसे, म्हणून अख्खी गल्ली त्या इमारतीला थर्मामीटर म्हणू लागली. पोस्टमनसुद्धा तेच नाव सांगे.

घरांना स्वयंपाकघरं ठेवली नव्हती. बायकांची चुलीतून सुटका करायची, सगळ्यांनी खालच्या भोजनगृहात एकत्र जेवायचं, असा बेत. बेत चांगलाच होता, पण भोजनगृहातलं बिटाचं सूप इतकं पाणचट असे की दोन वर्षांत घरोघरी खिडकीखालच्या कोनाड्यात स्टोव्ह पेटले. मग भुकेचं साल आलं तेव्हा ते पाणचट सूपही उरलं नाही. तामिला त्याच कोनाड्यात आयुष्यभर स्वयंपाक करत आली. बटाट्याचं साल काढताना तिचं कोपर भिंतीला लागतं.

बांधणाऱ्यांनी देवालाही जागा ठेवली नव्हती. त्या लोकांत देव कोपऱ्यात बसवतात, आणि तामिलाच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना काच. दोन खिडक्यांमध्ये वीतभर रुंदीचा खांब तेवढा. तिच्या आईने त्या खांबाला खिळा ठोकला आणि मरियेची तसबीर टांगली, वर भरतकामाचा पंचा. घरतपासणीला आलेला माणूस म्हणाला, "बाई, हे रस्त्यावरून दिसतं."

आई म्हणाली, "दिसू दे. तिलाही रस्ता दिसतो."

पंचा काढायला लागला, तसबीर कपाटात गेली, माणूस गेल्यावर पुन्हा खांबावर आली. असं किती वेळा झालं त्याची मोजदाद नाही.

आई या घरात आली चव्वेचाळीस साली. आदल्या वर्षी शेजारच्या घरावर बॉम्ब पडला होता. ते घर भुईसपाट झालं, आणि थर्मामीटरच्या जिन्यालगतची भिंत दुसऱ्या मजल्यापासून वरपर्यंत तडकली. बायकांच्या टोळीने पडलेल्या घरांच्या विटा वेचून, घासून तो तडा भरला. त्या टोळीत आई होती. तामिला मोठी होत असताना आई जिना चढता चढता भिंतीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "इथे माझी चार बोटं आहेत." पोरीला वाटायचं, खरोखरच आत बोटं आहेत. ती घाबरून पलीकडच्या कठड्याला चिकटून जायची.

सतराव्या वर्षी तामिलाने स्वतः थापी धरली. घरदुरुस्तीच्या कचेरीत अडतीस वर्षं गिलावा केला. नवरा ट्राम चालवायचा, तो लवकर गेला. मूल झालं नाही. थापी, चुन्याची बादली आणि हा जिना, एवढाच तिचा संसार म्हटला तरी चालेल.

एक्क्याऐंशी साली जवळून भुयारी रेल्वे खणायला घेतली. जुन्या तड्यावर नजर ठेवा, असा कचेरीचा हुकूम आला. त्याची रीत अशी, की तड्यावर आडवी वीतभर जिप्समची पट्टी थापायची, ओली असतानाच खिळ्याने तिच्यावर तारीख कोरायची. जिप्सम ताणाला लेचंपेचं असतं. भिंत केसभर हलली तरी पट्टी मधोमध फुटते. पट्टी अखंड असली की समजायचं, भिंत जागची हललेली नाही. तामिलाच्या टोळीतल्या बायका त्या पट्टीला साक्ष म्हणत. तिने दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर अशा तीन साक्षी थापल्या. खणणं संपलं, दोन वर्षं झाली, तिन्ही अखंड राहिल्या. साहेब म्हणाला, रंगवून टाका. तिने रंगवून टाकल्या.

आणि मग दर वर्षी रंगवतच राहिली. ईस्टरच्या आधी स्वच्छ गुरुवार येतो. त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत अंघोळ करायची, घर धुवायचं, भिंतींना चुना द्यायचा. तामिला आपल्या खोलीबरोबर अख्ख्या जिन्याला हात फिरवायची. पक्षाच्या राज्यात कुणी विचारलं तर म्हणायची, "वसंत ऋतूची सफाई आहे, कॉम्रेड." आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना चालूच. चाळीस वर्षांत एक गुरुवार चुकला नाही. साक्षींचे तिथे नुसते उंचवटे राहिले, भाकरीवर फोड यावा तसे.

दोन हजार बावीसच्या मार्चमध्ये रशियाचं रॉकेट पाचव्या मजल्याच्या कोपऱ्यावर पडलं. वरची बिऱ्हाडं आठवड्यापूर्वीच गेली होती म्हणून माणसं वाचली. कोपरा गेला, गच्चीचा तुकडा गेला, आणि जिन्याची काचेची पट्टी वरपासून खालपर्यंत एका क्षणात खाली आली. तामिला तेव्हा तळघरात फाइनाशेजारी बसली होती. फाइना दुसऱ्या मजल्यावरची, संगीत शिकवणारी, जिभेने तिखट. धूळ बसल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, "तामिला, थर्मामीटर फुटला. आता ताप कशाने मोजायचा?"

तीस बिऱ्हाडांतली सात उरली. पोलंडहून तामिलाची भाची रोज फोन करायची. "मावशी, ये ना गं. इथे स्वतःची खोली देतात, चांगलं स्वयंपाकघर आहे."

"स्वयंपाकघराशिवाय पंचाहत्तर वर्षं काढली. आता कशाला सवय मोडू?"

"मावशी, ते घर पडेल तुझ्या अंगावर!"

"हे घर एकदा पडता पडता राहिलंय. त्याला माहितेय कसं राहायचं ते."

तिने प्लायवूडचे तुकडे मिळवले आणि जिन्याची उघडी पट्टी मजल्यामजल्याने ठोकून बंद केली. स्फोटाने साक्षींचे उंचवटे सोडून तड्यावरचा गिलावा गळला होता, आतल्या आईच्या विटा उघड्या पडल्या होत्या. जाता-येता ती त्या तड्याकडे पाहायची. उंचवट्यांकडे मात्र पाहायची नाही. एकदा तरी खरवडून बघावं, साक्ष फुटली की राहिली, असं मनात यायचं. पण छाती होत नव्हती. फुटली असेल तर?

पुढच्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात, बुधवारी, दारावर कागद लागला. शहराची समिती पुढल्या मंगळवारनंतर इमारत पाहायला येणार, धोकादायक ठरली तर पाडायच्या यादीत टाकणार. तामिलाने कागद वाचला, चष्मा पुसला, आणि गुरुवारी पहाटे नेहमीसारखा बादलीत चुना भिजवला.

फाइना अंगावर शाल ओढून दारात आली. "अगं, आज तरी राहू दे. घर पाडायला येतायत आणि तू त्याला नवरीसारखी सजवतेस."

"गुरुवार आहे."

"मला माहितेय गुरुवार आहे. तुझा देव एखादा गुरुवार सोडेल."

"देव सोडेल, मी नाही सोडणार. बादली धर."

फाइनाने बादली धरली. कुरकुर करत धरली, पण धरली. तामिलाने तड्याला चांगला गिलावा केला, तो घोटला, वरून चुना दिला. चौथ्या मजल्यावर, आपल्या दाराबाहेरच्या उंचवट्यावर रंगाला केसासारखी रेघ गेलेली तिला दिसली. तिने कुंचला त्यावरून दोनदा फिरवला आणि पुढे गेली. त्या दुपारी पास्काचं, म्हणजे ईस्टरच्या गोड पावाचं, पीठ मळताना हात जरा जोरातच आपटत होते.

समितीचे दोघे आले. फाइल घेतलेली एक बाई आणि नाझार नावाचा तरुण इंजिनियर. नाझार भला दिसत होता, पण महिन्याला चाळीस घरं पाहून त्याच्या डोळ्यांखाली काळं आलेलं. त्याने दुसऱ्या मजल्यावर भिंतीला नख लावलं. नखाखाली ओलसर पांढरं आलं.

"हा गिलावा कधीचा, आजी?"

"गुरुवारचा."

"आणि आम्ही येणार हे कळलं कधी?"

"बुधवारी."

नाझारने फाइलवाल्या बाईकडे पाहिलं. ती खाली बघून लिहू लागली. तो हळूच म्हणाला, "मागच्या वर्षीच्या फोटोत इथून वरपर्यंत तडा आहे, आजी. तुम्ही तो झाकलात. मला तुमचं कळतं, घर सोडवत नाही. पण तडा लपवला की भिंत आपोआप जुळत नाही. आता मी काय लिहू? तडा स्फोटाने पडलेला, रहिवाशांनी लपवलेला. असं लिहिलं की यादीत."

"लपवला?" तामिला म्हणाली.

"मग काय म्हणू?"

फाइना वरून ओरडली, "अरे बाबा, ही गेली चाळीस वर्षं लपवतेय! दर ईस्टरला! आम्हाला वाटायचं भक्ती आहे!"

"फाइना, गप्प बस."

"तुझीच बाजू घेतेय!"

"म्हणूनच सांगतेय, गप्प बस."

तामिलाने बाह्या वर सारल्या. "हे बघ बाळा. आजी मी तुझ्या घरी असेन. इथे मी गवंडी आहे. हा तडा त्रेचाळीसचा आहे. तुझा आजा तेव्हा चड्डीत असेल. त्यात माझ्या आईने विटा भरल्यात, आणि त्यावर मी एक्क्याऐंशी साली तीन साक्षी थापल्यात."

नाझार थांबला. "साक्षी? कुठे आहेत?"

तिने उंचवट्यावर हात ठेवला. "इथे."

"हा तर पोपडा आहे."

"पोपडा तुझ्या फाइलला आलाय. एक तास दे."

फाइलवाली बाई घड्याळ पाहून म्हणाली, "आम्हाला अजून तीन घरं आहेत."

"ती पळून जात नाहीत," नाझार म्हणाला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. "एक तास."

तामिलाने घरातून खरवडणी, ओलं फडकं आणि नवऱ्याचा दाढीचा ब्रश आणला. फाइनाने बॅटरी धरली. दुसऱ्या मजल्यावरचा उंचवटा तिने आधी घेतला. गुरुवारचा चुना सायीसारखा निघाला. त्याखाली राखाडी रंग, तो कचेरीने शेवटचा दिलेला. त्याखाली तपकिरी, जमिनीला द्यायचा. देश नवा झाला तेव्हा दुकानात दुसरा रंगच नव्हता, तेव्हा भिंतीही जमिनीसारख्या झाल्या. त्याखाली हिरवा, कारखान्याच्या गोदामातून कुणीतरी आणलेला. प्रत्येक रंगाच्या मध्ये चुन्याचे पातळ पातळ थर, कांद्याच्या पापुद्र्यासारखे.

"हा हिरवा आठवतो," फाइना म्हणाली. "माझ्या लग्नात सगळ्या पाहुण्यांच्या कोटांना लागला होता."

"तुझ्या सासूने अजून माफ केलं नसेल."

"ती आहे कुठे माफ करायला? बॅटरी हलतेय का?"

"तू हलतेयस."

हिरव्याखाली निळा आला, आणि निळ्याखाली पांढरं, कडक. तामिलाने ब्रश फिरवला, फडक्याने पुसलं. खिळ्याने कोरलेले आकडे उमटले. बारा, पाच, एक्क्याऐंशी. शेजारी तिची सही, कोवळ्या हाताची, ऐटबाज. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. नाझार उठून जवळ आला. भिंग काढलं, नख फिरवलं, बॅटरी तिरपी धरून पाहिलं.

"अखंड आहे," तो म्हणाला.

"मला दिसतंय," तामिला म्हणाली, आणि तिने ब्रश पुन्हा एकदा आकड्यांवरून फिरवला.

तिसऱ्या मजल्यावरची साक्षही सलग निघाली. फाइलवाली बाई आता लिहायचं सोडून पायरीवर वाकून पाहत होती. "बेचाळीस वर्षांची पट्टी," ती स्वतःशीच म्हणाली. "स्फोट झाला तरी फुटली नाही."

"म्हणजे खालचा सांगाडा शाबूत आहे," नाझार म्हणाला. त्याचा चेहराच बदलला होता. "तडा जुना आहे आणि हललेला नाही. मला एवढं पुरे. चौथ्याची खरं तर गरज नाही. दोन साक्षींवर मी घर यादीतून काढायची शिफारस करतो. नव्या पट्ट्या लावू, चाळीस दिवस पाहू, बस."

फाइनाने बॅटरी विझवली. "ऐकलंस? झालं! चल, पास्का कापू. या पोराने सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

तामिला हलली नाही. तिच्या हातात खरवडणी होती आणि डोळ्यांपुढे ती केसासारखी रेघ. चौथ्या मजल्यावर तिचं दार होतं. वरचा मजला धोक्याचा ठरला तर पहिलं बिऱ्हाड तिचं उठणार. ती खोली, तो कोनाडा, खांबावरची तसबीर. कुणी विचारलंही नव्हतं. इंजिनियर स्वतःच सोडत होता. गुरुवारी तिने जे केलं ते भक्तीने केलं, पण त्या एका उंचवट्यावर दोनदा फिरवलेला कुंचला भक्तीचा नव्हता, हे तिला आणि देवालाच ठाऊक होतं.

"तीन थापल्या होत्या," ती म्हणाली. "तिन्ही बघायच्या."

"अगं ए बये!" फाइना म्हणाली.

"साक्ष काय आपल्या सोयीने बोलावतात?"

ती वर गेली. गुडघे दुखत होते तरी कठडा धरला नाही. चुना काढला, राखाडी काढला, तपकिरी, हिरवा, निळा. प्रत्येक थरातून ती रेघ खाली खाली गेली. पट्टी उघडी झाली तेव्हा ती मधोमध फुटलेली होती. आतला जिप्सम दुधासारखा पांढरा होता, जुन्या तुटीत धूळ शिरते तशी धूळ त्यात नव्हती.

नाझारने भिंग लावून ती तूट पाहिली.

"ताजी आहे," तामिला म्हणाली. "स्फोटाचीच. मीच सांगते, तुला लिहायला सोपं जावं म्हणून. खालचे तीन मजले उभे राहतील. चौथ्याचा हा कोपरा आणि पाचवा उतरवावा लागेल. यंत्र लावून नाही, हाताने. वीट वीट काढून. यंत्र लावलंत तर खालचंही हलेल, आणि मग मी जिन्यात बसेन. मला उचलायला तुझी समिती कमी पडेल."

"तुमचं दार कुठलं?"

तिने खरवडणीने आपलं दार दाखवलं.

"बाई," नाझार म्हणाला, "मी तर वर येणारही नव्हतो."

"ते तुझं तू बघ. मी लबाड नाही, एवढं तुझ्या फाइलीत नीट लिही. शाईने."

फाइलवाल्या बाईने खरंच ते लिहिलं. कुठल्या शब्दांत लिहिलं कोण जाणे.

नव्या साक्षी त्याच दिवशी लागल्या. नाझारच्या पेटीत काचेच्या पट्ट्या होत्या. तामिलाने त्या हातात घेऊन पाहिल्या आणि परत केल्या. मग स्वतःच्या वाडग्यात जिप्सम कालवला, तीन मजल्यांवर नव्या तीन पट्ट्या थापल्या आणि खिळ्याने तारीख कोरली. सही आता थरथरती होती. नाझारने शेजारी त्याच्या काचाही लावल्या, नियम म्हणून.

दुसऱ्याच दिवशी तिने आपलं बिऱ्हाड फाइनाकडे हलवायला घेतलं, आणि सगळ्यात आधी तसबीर काढली. खांबावरचा खिळाही काढला, कारण तो आईने ठोकलेला. फाइनाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीलाही तसाच काचेचा कोपरा आणि तसाच वीतभर खांब होता. फाइना ज्यू; तिच्या घरी तसबिरींची रीत नव्हती, शुक्रवारच्या मेणबत्त्यांची होती.

ती म्हणाली, "माझी आजी वरून बघत असेल तर काय म्हणेल!"

"म्हणेल, कोपरा रिकामा होता, कुणीतरी आलं."

"बरं, टांग. पण मी पियानो वाजवताना तुझ्या मरियेने तोंड वाकडं करायचं नाही."

"तिने इतकी वर्षं खालून येणारा तुझा पियानो ऐकलाय. सवय आहे."

चाळीस दिवस तामिला रोज सकाळी तिन्ही मजल्यांवरच्या पट्ट्या पाहून आली. दोनदा सायरन वाजला, एकदा पलीकडच्या रस्त्यावर स्फोट झाला तेव्हा प्लायवूड थडथडलं. ती धूळ बसायच्या आत जिन्यात. दुसऱ्या मजल्याची अखंड. तिसऱ्याची अखंड. चौथ्याची पुन्हा फुटली, पहिल्या आठवड्यातच. एक्केचाळिसाव्या दिवशी नाझार आला, त्याने काचा पाहिल्या आणि मग तिच्या पट्ट्यांवर हात ठेवला. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, पाडू नये, वरचे दोन मजले हाताने उतरवावेत.

"कामाला माणसं मिळत नाहीत, तामिला मिस्त्री," तो म्हणाला. "गिलावा करता येणारी तर नाहीतच."

"मिळतील. तू विटा खाली कशा आणणार ते सांग. फेकून द्यायच्या नाहीत. घासून ठेवायच्या, परत लागतील."

पुढच्या वर्षी स्वच्छ गुरुवारी थर्मामीटर तीन मजल्यांचा होता आणि वर डांबरी कागदाचं छत. तामिलाने पहाटे बादलीत चुना भिजवला, फाइनाने शिव्या देत बादली धरली. जिन्याची प्रत्येक भिंत पांढरी झाली. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर, जिथे साक्षी होत्या, तिथे तामिलाने कुंचला बाजूने वळवून नेला आणि वीतभर चौकोन तसाच सोडला. कुणालाही दिसावा म्हणून.

फाइना म्हणाली, "तिथे राहिलं की गं."

"राहू दे," तामिला म्हणाली, आणि खालच्या पायरीवर उतरली.